कालवडींचा मास्तर

वणीहून येणारी मोटर मुकुटबनच्या थोडी अलीकडे, तांड्याच्या फाट्यावर, उगाचच थांबायची. मी मुकुटबनच्या शाळेत नवा होतो. मला वाटलं, असेल इथे थांबा. पण कोणी उतरत नसे, कोणी चढत नसे. कंडक्टर दारातून अर्धा बाहेर लोंबकळून खाली उभ्या असलेल्या माणसाच्या सात पिढ्यांचा उद्धार करी, "चढाचं नाई त हात कायले करतं बे?" म्हणून ओरडे, आणि घंटी मारी. मोटर धूळ उडवत निघून जाई. खालचा माणूस त्या धुळीत उभा राहून हसत असे. उंच, काटक, सावळा. अंगात खांद्यावरून पट्टे घेतलेली निळी जाडीभरडी पॅन्ट आणि डोक्याला तांड्यातल्या म्हाताऱ्यांसारखं लाल पागोटं. असं ध्यान मी यवतमाळात तर नाहीच, नागपूरला पाहिलेल्या नाटकांतही पाहिलं नव्हतं.

तो थावरू आडे. पुढे ओळख झाल्यावर मी त्याला विचारलंच, की बाबा, तुम्हाला जायचं नसतं तर रोज मोटरला हात का करता?

"मास्तर," तो म्हणाला, "मी जेथी राह्यलो ना, तेथी एका घराहून दुसरं घर दिसत नाई. दिवसभर मानूस दिसत नाई. मंग रस्त्यानं कोनी जाताना दिसलं का हात करतेत. वळख असो का नसो. थांबाचं नाई, बोलाचं नाई. निस्ता हात."

"पण इथे तर माणसंच माणसं आहेत."

"हाव ना," तो म्हणाला. "इथी मानसं लय हायेत."

तो राहिला होता अमेरिकेत. छप्पन-सत्तावनच्या सुमाराची गोष्ट. त्या काळात एक योजना होती. शेतकऱ्यांच्या घरची तरणी पोरं काही महिन्यांसाठी परदेशी पाठवायची. तिथे कोणा शेतकऱ्याच्या घरात राहायचं, त्याच्या पोरांसारखं राबायचं, शिकायचं, आणि परत येऊन आपल्या लोकांना शिकवायचं. तिकडची पोरं तशीच इकडच्या खेड्यांत येऊन राहायची. अदलाबदलीची योजना म्हणत तिला. थावरू वणीला मॅट्रिकपर्यंत शिकलेला, तांड्यातला पहिलाच. निवड कशी झाली हे तो मोठ्या खुशीत सांगे. कुठल्याशा शिबिरात साहेब लोक एकेकाला गाठून इंग्रजीत प्रश्न विचारत होते. हा तेव्हा शिबिराच्या गाईखाली बसला होता. साहेबाने प्रश्न विचारला, तर हा मान वर न करता इंग्रजीतच म्हणाला, की आधी धार काढून होऊ द्या, मग उत्तर देतो. साहेब उभा राहिला, आणि थावरू आडे आगबोटीत बसला.

परत आला तेव्हा तांड्याच्या प्रमुखाच्या, म्हणजे नायकाच्या, अंगणात सगळा तांडा जमला होता. त्याने बर्फ सांगितला. यंत्राने धार काढतात ते सांगितलं. घरची बाई मोटर चालवते हे सांगितलं, तेव्हा बाया तोंडाला पदर लावून हसल्या. महिनाभर हे चाललं. पण माणसाजवळची गोष्ट पुरून पुरून किती दिवस पुरणार? ऐकणाऱ्यांना ती पाठ झाली, आणि सांगणाऱ्याजवळ तर अजून पुष्कळ शिल्लक होती. मग तांड्यातलेच थट्टेखोर म्हणू लागले, "अदलाबदलीत गोऱ्याईनं आपला थावरू ठेवून घेतला अन् हा दुसराच धाडला."

बाजाराच्या दिवशी तो माझ्या खोलीवर यायचा. माझ्या ट्रंकेवर बसायचा, चहा प्यायचा, मग माझी कपबशी माझ्या हातातून काढून घेऊन दोन्ही कप स्वतः विसळून खिडकीत पालथे घालायचा. आणि म्हणायचा, "हं, इचारा मास्तर."

"काय विचारू?"

"काईबी. तिकडचं."

आता मला तिकडचं काय ठाऊक! एकदा काहीच सुचेना म्हणून मी विचारलं, "तिकडे कावळे आहेत का हो?" तर हा गडी उठून उभाच राहिला. "हायेत! मास्तर, हायेत! आपल्याहून मोठाले, पार काळे. पैल्या दिवशी पहाटं जाग आली अन् आयकला. डोळे उघडलेच नाई म्या. म्हनलं, घरीच हाओ." त्या दिवशी तो कावळ्यांवर तासभर बोलला. नंतर मी प्रत्येक बाजाराला एक प्रश्न तयार ठेवू लागलो. तिकडे मुंग्या कशा असतात, विहिरीला काठ असतो का, म्हातारी माणसं दिवसभर काय करतात. मला त्याचं बोलणं आवडायचं, आणि खरं सांगायचं तर मलाही त्या गावात दुसरं कोणी बोलायला नव्हतं.

त्याचं लग्न मोडलं ती हकिगत मात्र मी विचारली नव्हती, ती त्याने आपणहून सांगितली. जाण्यापूर्वीच सोयरीक ठरली होती, पैनगंगेकडच्या एका तांड्यातली. परत आल्यावर मुलीकडची माणसं आली, नायक आणि पंच बसले, आणि सगळ्यांच्या मनातला एकच प्रश्न पुढे आला. गाय खाल्ली का? थावरू म्हणाला, नाही. तिकडची याडी त्याच्यासाठी शेंगा आणि आलू वेगळे उकडायची. याडी म्हणजे तांड्याच्या बोलीत आई. त्या घरच्या बाईला तो 'तिकडची याडी'च म्हणायचा. नायकाने मान डोलावली, पाहुणेही सैल झाले. विषय मिटला होता. पण हा गप्प बसेल तर ना! त्या घरात लहान-मोठं कोणी नाही, सगळ्यांना सारखं काम, हे त्याला सांगायचं होतं. तो म्हणाला, जेवणं झाली का ताटं मीच धुवायचो.

पंच हसले. बाप्या माणूस अन् ताटं धुते! मुलीचा काका हसत हसत म्हणाला, "कोनाची ताटं?"

"समद्याईची."

हसणं एकेक करून थांबलं. त्या ताटांत काय खाल्लेलं होतं हे एकेकाच्या ध्यानात येत गेलं. काका उठून पागोटं नीट करू लागला. हरलाल नायक शहाणा माणूस, त्याने वाट काढून दिली. म्हणाला, पोरगं बोलताना चुकलं, सोताचंच ताट धुवत असन. बोल थावरू, सोताचंच ना? थावरूने एवढं 'हो' म्हटलं असतं तर भागलं असतं.

"पन धुतली ना म्या," तो म्हणाला.

तांड्याने त्याला टाकलं नाही. नदीवर नेऊन आंघोळ घातली, गूळ वाटला, घेतलं आत. पण सोयरीक गेली ती गेली. पुढेही आल्यागेल्या सोयरिकीच्या कानावर ताटांची गोष्ट आधी पोचायची. "त्या पोरीले म्या एकडावच पाह्यलं व्हतं," तो मला म्हणाला. "चांगली व्हती." मग कप विसळायला उठला.

घरात तो आणि त्याची याडी, दोघंच. म्हातारीच्या हातात कोपरापर्यंत पांढऱ्या बांगड्या, ओढणीवर आरशांची भिंगं. सगळ्या तांड्यात तिकडच्या गोष्टींचा कंटाळा न आलेली ती एकटी. पण तिला बर्फ नको होता, यंत्र नको होतं. तिला त्या दुसऱ्या याडीचं ऐकायचं असे. तिला गुडघेदुखी आहे का, तिचा नवरा तिच्याशी बरा वागतो का, पोरगा परक्या मुलखात गेला तर ती रडेल का. थावरू सांगे आणि म्हातारी 'हं, हं' करत धान्य पाखडत बसे. तिच्या लेखी अमेरिका म्हणजे ती एक बाई होती, जिने आपल्या पोराला शेंगा उकडून घातल्या.

शिकवायची अट त्याने शब्दशः पाळली. तांडा आणि मुकुटबन यांच्या मधल्या ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी, पडीत एक मोहाचं झाड होतं. त्याखाली त्याने दर रविवारी सकाळी वर्ग भरवायला सुरुवात केली. तांड्यातले तरणे गडी, मुकुटबनच्या कुणब्यांची पोरं, पलीकडच्या पोडावरचे, म्हणजे कोलामांच्या वस्तीवरचे, दोघे कोलाम, सगळे एका रांगेत. प्रत्येकाने घरची एक कालवड निवडायची आणि ती वर्षभर सांगितल्याप्रमाणे वाढवायची. तिला नाव द्यायचं. रोज काथ्याच्या कुच्याने अंग घासायचं. सरकी किती, ढेप किती, पाणी कुठलं, सगळं ठरवून. गोठ्यात शिरण्याआधी हात धुवायचे, आणि तोंड हसरं करायचं. ही त्याची खास अट होती. "जनावर तुमचं तोंड पाह्यते," तो म्हणे. "घरातलं भांडन घेऊन गोठ्यात जाऊ नका." गावाने त्याचं नाव ठेवलं 'कालवडींचा मास्तर'. मला वाटलं होतं त्याला राग येईल, पण तो खूश झाला. म्हणाला, आता आपण दोघं एका जातीचे.

गटविकास अधिकारी म्हणून एक साहेब तेव्हा होते, समजूतदार माणूस. ते एका रविवारी जीप थांबवून वर्ग बघून गेले. जाताना थावरूला म्हणाले, "आडे, काम चांगलं आहे, पण झाडाखालच्या वर्गाला मी कागदावर काय म्हणू? वर्ष झालं की प्रदर्शन भरवा. जनावरं माझ्या डोळ्यांनी बघू द्या. मी इथे कायमचं केंद्र मागतो. शेड, वळू, पंधरवड्याला गुरांचा डॉक्टर, पगारी शिक्षक. आसपासची पोरं इथे येऊन शिकतील."

त्या दिवसापासून थावरूला दुसरं काही सुचेना. बाजाराच्या दिवशी मी प्रश्न विचारायच्या आधीच तो केंद्राबद्दल बोलू लागे. शेड कुठे, दार कुणीकडे, पोडावरची पोरं राहतील कुठे. मी एकदा म्हणालो, "अहो, वर्ग चाललाय की उत्तम. केंद्र नसलं म्हणून काय बिघडतं?"

"वर्ग माहा हाय मास्तर. मी पडलो का वर्ग पडला. केंद्र कोनाचंच नसते, म्हनून ते राह्यते." मग हळूच म्हणाला, "अन् कोनीतरी एकडाव पाह्याले पायजे ना, का मी गेलतो अन् काही घेऊन आलतो."

मधे एक खड्ड्याचं प्रकरण झालं. तिकडे हिरवा चारा खड्ड्यात दाबून, हवा न लागू देता मुरवतात आणि उन्हाळ्यात जनावरांना घालतात. थावरूने तांड्यामागे खड्डा खणला, हिरवी ज्वारी कापून त्यात तुडवून तुडवून भरली, वर माती लिंपली. काही आठवड्यांनी त्याला आंबूस वास सुटू लागला. तो वास तांड्यातून रस्त्यावर आला आणि रस्त्यावरून आबकारीच्या जमादारापर्यंत गेला. तांड्यात जमिनीखाली काही आंबतंय म्हटल्यावर ती मोहाची दारूच असणार, याबद्दल जमादाराच्या मनात शंका नव्हती. दोन शिपाई घेऊन तो आला आणि खड्डा खणायला लावला. थावरू सांगत होता, हवा लागू देऊ नका, सडेल. जितकं सांगे तितकी जमादाराची खात्री पटत जाई. शेवटी तळ लागला. खाली ज्वारीच. मग थावरूने त्या जमादाराला काठावर बसवून मुरलेल्या चाऱ्याचं सगळं शास्त्र समजावून दिलं. जमादाराच्या घरी दोन म्हशी होत्या. जाताना त्याने विचारलं, खड्डा किती खोल घ्यायचा?

चारा सडला. मी गेलो तेव्हा तो एकटाच काळा पडलेला चारा पाटीने बाहेर काढत होता आणि हसत होता. "हासू येऊन राह्यलं मास्तर, पन सांगू कोनाले? तिकडच्याईले सांगतलं त त्याईले आबकारी समजत नाई. इकडच्याईले सांगतलं त त्याईले खड्डा समजत नाई." मला त्या वाक्याचं फार वाईट वाटलं. मी पाटीला हात लावला आणि आम्ही दोघांनी मिळून खड्डा रिकामा केला.

वर्ष झालं. हिवाळ्यात प्रदर्शनाचा दिवस ठरला. माझ्या शाळेच्या पोरांनी पताका चिकटवल्या. मोहाच्या झाडाखाली थावरूने चुन्याने मोठं वर्तुळ आखलं. तिकडच्या जत्रेत पोरं पांढरे कपडे घालून आपापलं जनावर दोरीने वर्तुळात फिरवतात, आणि परीक्षक मधे उभा राहून बघतो. हे तो वर्गात इतक्यांदा सांगत आला होता की पोरं ऐकून हो हो म्हणायची. पहिल्या नंबरला निळी रिबीन. तीही त्याने वणीहून आणली होती. आदल्या दिवसापर्यंत तो घरोघर कालवडी बघून आला होता. मीही दोन-तीन पाहिल्या होत्या. सोनाजी म्हणून मुकुटबनचा कुणबी होता, त्याची गवरी तर अशी झाली होती की अंगावरून हात फिरवावासा वाटे.

सकाळी पहिला सोनाजीच आला. पांढरं धोतर, पांढरी बंडी. हातात दोरी, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला एक म्हातारी गाय. तिच्या कमरेच्या हाडावर टोपी टांगता आली असती. मला वाटलं, पाण्यावर नेतोय. त्याच्यामागून तांड्यातला रामधन आला, एक लंगडं जनावर घेऊन. मग आणखी दोघे. एकाची गाय तर शेजाऱ्याकडून मागून आणलेली होती. सगळे पांढऱ्या कपड्यांत, अगदी सांगितल्याप्रमाणे, वर्तुळाभोवती उभे राहिले.

"सोनाजी, गवरी कोठी हाय?" थावरूने विचारलं.

"घरी."

"काहून?"

सोनाजीने त्याच्याकडे लहान पोराकडे बघावं तसं पाहिलं. "थावरू, गवरी गाभन हाय. पयलारू हाय. तिले इतक्या लोकाईच्या नजरेत उभी करू काय? अन् साहेब म्हनन वा वा! वा वा म्हनलं का झालं मंग."

"मंग हे कायले आनली?"

"तू म्हनलं ना, गाय आना. तुह्या गोलात काही त दिसाले पायजे, रिकामा कसा ठेवाचा? हे म्हातारी. हिले लागली नजर त काय फरक पडते?"

हेच लोक पोळ्याला बैल रंगवून, झुली घालून गावभर मिरवतात. पण बैल वेगळा आणि गाभण कालवड वेगळी. ती पोटुशा सुनेसारखी. तिचं कौतुक चारचौघांत कोणी करत नाही, तिला बघून परकं माणूस 'वा' म्हणालं तर घरात मीठ-मिरच्या उतरतात. हे मला ठाऊक होतं, शाळेतल्या पोरांना ठाऊक होतं, आणि थावरू तर त्याच तांड्यात लहानाचा मोठा झालेला.  तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "मास्तर, म्या हे इसरलो कसा?"

वर्तुळात चांगली कालवड एकच होती, त्याची स्वतःची. आणि तिच्यापुढे त्याची याडी दोन्ही हातांनी ओढणी पसरून उभी होती. तिला बाजूला कोण करणार?

साहेबांची जीप आली. साहेब उतरले, वर्तुळाभोवती एक चक्कर मारली, आणि चष्मा पुसला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आडे, वर्षभरात हेच?"

तेव्हा त्यांच्याबरोबरचा ग्रामसेवक पुढे झाला. "साहेब, खऱ्या कालवडी घरी बांधल्या आहेत. मी पाहिल्यात. घरं काही लांब नाहीत. चला, दाखवतो."

साहेबांचा चेहरा खुलला. "मग चला की!"

जमलेल्या लोकांतून काही बाया झपाझप घराकडे निघाल्या. सोनाजी हातातली दोरी मुठीला गुंडाळू लागला. पलीकडे गल्लीत एक-दोन गोठ्यांच्या दारांवर गोणपाटं पडताना मला इथून दिसली. थावरूनेही ती पाहिली. चार पावलं टाकली असती तर केंद्र त्याचं होतं. ती गवरी बघून कोणत्या साहेबाने नाही म्हटलं असतं?

"नाई साहेब," तो म्हणाला.

"अहो, पण आडे..."

"त्याईनं नाई आनल्या. म्हंजे त्याईले दाखवाच्या नाईत. जनावरं त्याईची हायेत. मी कोनाच्या गोठ्यात तुमाले नेनार नाई."

"मग मी काय लिहू?"

"जे पाह्यलं ते लिवा साहेब."

आणि मग त्याने जे केलं ते मी विसरू शकत नाही. त्याने प्रदर्शन भरवलं. त्या हाडकुळ्या गाई एकामागून एक वर्तुळात फिरवायला लावल्या, मधे उभं राहून प्रत्येकीचे दात पाहिले, खूर पाहिले, पाठीवरून हात फिरवला, मालकाला दोन गोष्टी सांगितल्या. निळी रिबीन सोनाजीच्या म्हातारीच्या शिंगाला बांधली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोनाजी खूश झाला. साहेबांनी चहा घेतला आणि निघून गेले. जीप दिसेनाशी होताच याडीने मिरच्या आणून आपल्या कालवडीवरून उतरवल्या, आणि मग थावरूवरूनही.

केंद्र दुसऱ्या तालुक्यात गेलं, ढाणकीला. बाजाराच्या दिवशी त्यानेच मला सांगितलं. "चांगलं झालं. ढाणकीले पानी हाय," म्हणाला. त्याने दोन्ही कप विसळून खिडकीत पालथे घातले. मग म्हणाला, "एक सांगतो मास्तर. हे केंद्राचं इथी कोनाले बोलू नका."

"का? त्यांना कळायला नको, त्यांच्यापायी काय गेलं ते?"

"त्याईच्यापायी नाई गेलं. त्याईनं माही लाज राखाले गाई आनल्या व्हत्या. त्याईले वाटते साहेब खूश होऊन गेला. वाटू द्या."

म्हणून तांड्यात आणि मुकुटबनात आजही कोणाला ते ठाऊक नसावं. लोक त्याच्यावर माया करत होते, सणाला वाटी धाडत होते, वाटेत भेटला की थट्टा करत होते. आणि त्याच्या आयुष्यातली सर्वांत मोठी गोष्ट घडून गेली होती हे त्यांच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. मला ते त्याच्या न झालेल्या लग्नापेक्षाही एकटं वाटायचं.

वर्ग कोणी बंद केला नाही. आधी कापूस वेचणीमुळे पोरं येईनात, मग लग्नसराई आली, मग पेरण्या. कालवडी व्यायल्या, गाई झाल्या, त्यांची निगा घरोघर तशीच चालू राहिली. हात धुणं, कुचा, ढेप. पण ते कोणी शिकवलं होतं हे हळूहळू लोकांच्या ध्यानातून गेलं. 'आमच्याकडे असंच करतात' म्हणू लागले. रविवारी सकाळी थावरू मोहाखाली जाऊन बसे. मी कधी कधी जाई. "तुमी तरी एक कालवड घ्या ना मास्तर," तो म्हणे, आणि आम्ही हसत असू. मग तोही जायचा थांबला.

तीन-चार वर्षांनी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी पहाटे तो गाडी जुंपून माझी ट्रंक न्यायला आला. मोटरला अवकाश होता. म्हणाला, "चला मास्तर, जरा फिरून येऊ." थंडी होती, गावात चुली पेटत होत्या. मला वाटलं, नदीकडे जायचं असेल. तर हा सोनाजीच्या गोठ्यामागे, बांबूच्या तट्ट्यापाशी जाऊन थांबला आणि बोटाने मला गप्प राहायला सांगितलं.

आतून धार काढल्याचा आवाज येत होता. आधी रिकाम्या बादलीच्या बुडावर वाजणारी धार, मग भरत जाणाऱ्या दुधात बुडत गेलेली. थावरू डोळे मिटून ऐकत होता.

"गवरी," तो पुटपुटला. "दुसऱ्या वेताची."

तिथून पुढच्या गल्लीत. पुन्हा तट्टा, पुन्हा तो आवाज. तिचं नाव त्याने सांगितलं. मग तिसऱ्या घरामागे. कुठे तो थोडाच वेळ थांबे, कुठे पार धार संपेपर्यंत. एकदा मान हलवून म्हणाला, "हिले ढेप कमी पडून राह्यली," आणि एकदा नुसताच माझ्याकडे बघून हसला. गोठ्यातल्या कोणाला आम्ही बाहेर उभे आहोत याची चाहूलही नव्हती. तो हे रोज करत होता हे मला तेव्हा समजलं. प्रदर्शन दर पहाटे भरत होतं, आणि परीक्षक तट्ट्याबाहेर एकटा उभा असायचा.

 मी थट्टेच्या सुरात विचारलं, "मग, कालवडींचे मास्तर, पहिला नंबर कोणाचा?"

त्याने गल्लीत मागे-पुढे पाहिलं. कोणी नव्हतं. तो वाकून माझ्या कानाशी आला. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं आज सांगतोय, असं मला वाटलं.

"नाई सांगत मास्तर," तो म्हणाला. "दृष्ट लागन."

आणि पुढच्या घराच्या तट्ट्याकडे निघाला.